डासांचा आकडा निम्मा झाला म्हणून लगेच खूश होऊ नको

तुझा मेसेज वाचला. गडचिरोलीला कीटक समाहारक (म्हणजे गावोगाव डास पकडून मोजणारी) म्हणून जॉइन झालीस, मस्त. आणि लगेच विचारतेस की गावातली डास घनता मागच्या वर्षीच्या निम्म्यावर आलीय म्हणजे मलेरियाचे डास कमी झाले ना. थांब जरा, साहेबांना इतक्यात खुशखबर देऊ नको.

आधी जुनं रजिस्टर काढ. तासाची घनता म्हणजे सापडलेले डास गुणिले 60 भागिले सगळ्यांनी मिळून शोधलेली मिनिटं, गणित एवढंच, पण त्यात शोधणाऱ्याची नजर पण आलीच ना, मुरलेला माणूस टॉर्च आणि ॲस्पिरेटर (डास ओढून घ्यायची नळी) घेऊन गोठ्यात शिरला की वाशामागचे पण काढतो, नवीन माणसाला भिंतीवरचेच दिसतात, मग डास कमी झाले का माणूस बदलला कसं ठरवणार? म्हणून घरं तीच, गोठे तेच, वेळ पहाटेचीच. आणि काहीच नाही सापडलं तर शून्य लिही, रकाना कोरा सोडला तर पुढच्या माणसाला वाटणार गेलीच नव्हती.

नुसतं ॲनोफिलीस लिहून सोडू नको, ते मलेरियाच्या डासांचं अख्खं कूळ झालं, त्यातली प्रजाती लिही. पावसाळ्यात क्युलिसिफेसीस ही प्रजाती वाढते, पाऊस सरला की डोंगराकडच्या ओढ्यांच्या कडेने दुसरी, फ्लुव्हिएटिलिस, वर येते, त्यामुळे ऑगस्टचा आकडा ऑगस्टशीच लावायचा. क्युलिसिफेसीस गुरांवर जास्त जातो म्हणून गोठ्याचा आणि घराचा आकडा वेगळा ठेव (हे बरेच जण एकत्र करून टाकतात, मला फार राग येतो त्याचा).

आता फवारणी, म्हणजे घरातल्या भिंतींवर डास मारायचं औषध मारतात ती. फवारणीनंतर घरात डास दिसले नाहीत तर ते मेले असतील, किंवा रक्त पिऊन बाहेर झाडोऱ्यात जाऊन बसत असतील, आणि हे मादीच्या पोटावरून कळतं. घरात ताजं रक्त प्यालेल्या माद्या भरपूर आणि अंडी धरलेल्या जवळपास नाहीतच असं दिसलं तर समज की त्या भिंतीवर टिकत नाहीयेत, मग बाहेर पण शोधायला लागेल. हे चार रकाने, उपाशी, रक्त प्यालेली, अर्धी गाभण, गाभण, रोज भर, कंटाळा आला तरी.

आणि ओळखू न आलेला डास ओळखीच्या नावात कोंबू नको. आपल्या मुंबईच्या टाक्यांमधला स्टीफेन्सी, हा पण मलेरियाचाच डास, 2012 मध्ये आफ्रिकेत जिबूतीला सापडला, तेव्हा तिथं वर्षाला मलेरियाच्या 27 केसेस नोंदल्या होत्या, 2020 मध्ये 73 हजारांच्या वर गेल्या, नंतर तो इथिओपिया, केनियात पण सापडला. तिकडचे नेहमीचे डास डबक्यातले, हा टाक्या-पिंपातला, म्हणजे फक्त डबकीच बघणाऱ्याच्या हाती तो लागणारच नाही. तुझ्याकडे पण तालुक्याच्या गावात बांधकामं वाढतायत, सिमेंटच्या टाक्यांत डिपर (अळ्या काढायचा लांब दांड्याचा डाव) घालून बघत जा, अळ्या मिळाल्या तर मोठ्या होऊ देऊन मग ओळख. शंका असलेला डास वेगळ्या कुपीत ठेव, आत गाव, घर, तारखेची चिठ्ठी टाक, पण पेन्सिलने लिहिलेली, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.