महाराष्ट्रात एकट्या आईला मुलांसाठी कोणती सरकारी मदत मिळते?

सगळ्यात आधी बालसंगोपन योजनेचा अर्ज करा. लाडकी बहीण घरोघरी माहीत आहे, पण ही योजना हक्काची असूनही कित्येक जणींच्या कानावरच आलेली नसते. आई किंवा वडील यांपैकी एकच पालक असलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात, तेही प्रत्येक मुलामागे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात द्यायचा, मंजुरी बाल कल्याण समिती देते. पतीचा मृत्यू दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा, उत्पन्नाचा दाखला, मुलाचं आधार आणि शाळेचं बोनाफाईड यांच्या दोन-दोन झेरॉक्स सोबत ठेवा. अर्ज दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका. पोच नसेल तर पुढच्या वेळी "तुमचा अर्ज दिसत नाही" हे ठरलेलं उत्तर.

दुसरी, संजय गांधी निराधार अनुदान योजना. विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता यांना महिना १,५०० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात. अडचण एकच, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा फक्त २१,००० रुपये!

संजय गांधीचे पैसे मिळत असतील तर वर लाडकी बहीणचे १,५०० मिळत नाहीत. बालसंगोपनचे पैसे मात्र मुलाच्या नावचे.