निवडून आलंय ना सरकार, मग अडवायचं कशाला?

प्रश्न : ताई, आमच्या घरी जेवायला बसलं की हा वाद ठरलेला. माझे मोठे दीर म्हणतात लोकांनी मतं देऊन सरकार आणलंय ना, मग करू द्या की त्याला काम, हे कोर्ट, हे विरोधक, ही राज्यघटना, सगळे नुसते पाय ओढायला बसलेत. मला पटत नाही पण उत्तर सुचत नाही. आणि खरं सांगू का, मला स्वतःलाच एक शंका आहे. सरकारकडे पोलीस, मिलिट्री, तिजोरी सगळं असतं, आणि घटना म्हणजे शेवटी कागदच. कागद मिलिट्रीला कसा अडवणार?

उत्तर : तुमच्या दिरांना वेड्यात काढू नका, असं वाटणारे खूप आहेत आणि त्यातले बरेचसे मनाने चांगले असतात. त्यांना एवढंच विचारा, की मत देताना आपण ‘पाच वर्षं कारभार बघा’ म्हणून देतो की ‘आता परत विचारायला येऊच नका’ म्हणून? १९३३ च्या मार्चमध्ये जर्मनीत निवडणूक झाली, हिटलरच्या पक्षाला ४४ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, म्हणजे एकट्याच्या जिवावर बहुमतसुद्धा नाही. पण त्याआधीच फेब्रुवारीत संसदेच्या इमारतीला आग लागली होती आणि ते निमित्त करून, घटनेतलं ४८ वं कलम म्हणजे आणीबाणीचं कलम वापरून, बोलण्याचं, सभा घेण्याचं, वर्तमानपत्राचं सगळं स्वातंत्र्य एका सहीने गुंडाळून ठेवलं होतं. मग २३ मार्चला संसदेनेच कायदा केला की यापुढे कायदे मंत्रिमंडळच करेल, संसदेला विचारायची गरज नाही. बाजूने ४४४, विरोधात ९४. कम्युनिस्ट खासदारांना तर सभागृहात येऊच दिलं नव्हतं, काही तुरुंगात होते काही लपून बसले होते. म्हणजे बघा, घटना जाळली वगैरे काही नाही, तिच्याच दारातून आत शिरून आतून कडी लावून घेतली.

म्हणून नंतरच्या राज्यघटना लिहिणाऱ्यांनी संशय धरूनच लिहिलं. १९४९ च्या जर्मन घटनेत एक कलम असं आहे की माणसाची प्रतिष्ठा आणि लोकशाहीची मूळ तत्त्वं यांना दुरुस्तीनेसुद्धा हात लावायचा नाही, दोनतृतीयांश नाही, सगळेच्या सगळे खासदार एकमताने आले तरी नाही. मला विचाराल तर घटना हा राज्यकर्त्यावरच्या अविश्वासाचा दस्तऐवज असतो. आजचा चांगला असेल हो, पण खुर्ची तीच राहते आणि माणूस बदलतो.

आता तुमची शंका, कागद मिलिट्रीला कसा अडवतो. तर यावर मी दक्षिण कोरियाची एक रात्र सांगते, मला ती राहून राहून आठवते.

३ डिसेंबर २०२४, रात्री साडेदहाच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष यून सक-योल टीव्हीवर आले आणि मार्शल लॉ, म्हणजे लष्कराचा अंमल, जाहीर केला. थोड्या वेळात लष्कराचा हुकूम निघाला, राजकीय हालचाली बंद, संसदेचं कामसुद्धा बंद, वर्तमानपत्रं टीव्ही लष्कराच्या ताब्यात. आता त्यांच्या घटनेतलं ७७ वं कलम काय म्हणतं, तर राष्ट्राध्यक्ष मार्शल लॉ लावू शकतो, पण संसदेच्या एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी ‘उठवा’ म्हटलं की त्याला तो उठवावाच लागतो. ३०० सदस्य, म्हणजे १५१ हवेत. बस्स, पूर्ण रात्रीचा खेळ या एका आकड्यावर होता. पोलिसांनी फाटकं अडवलेली, मग खासदार कुंपणावरून उड्या मारून आत जातायत, सभापती वू वन-शिक ६७ वर्षांचे, तेही कुंपण चढून गेले. हेलिकॉप्टरमधून सैनिक उतरले, खिडक्यांच्या काचा फोडून आत आले, कर्मचाऱ्यांनी टेबलं खुर्च्या लावून दरवाजे अडवले आणि आग विझवायच्या नळकांड्यांचा फवारा मारला. आणि आत सभागृहात काय चाललंय, तर सदस्य ओरडतायत लवकर मतदान घ्या, आणि सभापती म्हणतायत ठराव रीतसर दाखल होऊ द्या, पद्धत पाळायचीच. बाहेर सैनिक आणि हा माणूस कागद पूर्ण व्हायची वाट बघतोय! तेव्हा लोकांना राग आला असेल, पण उद्या कुणी कोर्टात जाऊन ठरावच बेकायदा म्हणू नये यासाठीच होतं ते. एक वाजता मतदान झालं, १९० हजर आणि १९० बाजूने, त्यात १८ तर राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षाचे. पहाटे साडेचारच्या सुमारास मार्शल लॉ उठला. १४ डिसेंबरला संसदेत राष्ट्राध्यक्षांवर महाभियोगाचा, म्हणजे त्यांना पदावरून काढायच्या खटल्याचा ठराव पास झाला आणि ४ एप्रिल २०२५ ला घटना न्यायालयाच्या आठच्या आठ न्यायाधीशांनी त्यांना पदावरून काढलं.

तर कागदाने सैनिकाला अडवलं का? नाही हो, थेट नाही. कागदाने इतकंच केलं की त्या १९० जणांना नेमकं माहीत होतं काय करायचं आणि किती जण लागतील, आणि सैनिकांना कळत होतं की आपल्याला दिलेला हुकूम संशयास्पद आहे. न्यायालयानेही निकालात म्हटलंय की मार्शल लॉ इतक्या लवकर उठला तो लोकांनी विरोध केला आणि सैनिक-पोलिसांनी हुकूम मन लावून पाळला नाही म्हणून. जाता जाता, त्याच घटनेत अजून एक मजेशीर कलम आहे, राष्ट्राध्यक्षाला एकच टर्म, पाच वर्षं, आणि मुदत वाढवायची दुरुस्ती केलीच तर ती ज्याच्या काळात झाली त्याला लागू नाही. कुणाचा तरी चांगलाच अनुभव घेतलाय म्हणजे!

प्रश्न : पण आपल्याकडे घटना होती तरी १९७५ ला आणीबाणी लागलीच की. मग?

उत्तर : लागली, आणि इथे घटना अडवू शकली नाही हे मान्यच करायला हवं. २५ जून १९७५ च्या रात्री सही झाली, मंत्रिमंडळाला सकाळी कळलं. कारण दिलं ‘अंतर्गत अशांतता’, म्हणजे इतका ढगळ शब्द की त्यात काहीही बसतं. आणि १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टानेच चार विरुद्ध एक असं सांगितलं की आणीबाणीत माणसाला बेकायदा डांबलं तरी तो दाद मागू शकत नाही. तो एक म्हणजे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना, पुढे त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला. कोर्ट म्हणजे देव नाही, तेही घाबरतं.

नंतरची दुरुस्ती मात्र वाचण्यासारखी आहे, १९७८ ची ४४ वी, कारण जिथून पाणी शिरलं ते एकेक भोक शोधून बुजवलंय. ‘अंतर्गत अशांतता’ गेलं आणि ‘सशस्त्र उठाव’ आलं, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा, एका महिन्यात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी हवी, आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतसुद्धा निलंबित होणार नाही. १९७६ चा तो निकाल कोर्टाने स्वतःच चुकीचा ठरवला, पण २०१७ मध्ये, ४१ वर्षांनी. उशीर फार झाला, आत बसलेल्यांना त्याचा काय उपयोग.

प्रश्न : ब्रिटनमध्ये तर लिखित घटनाच नाही म्हणतात, तिथे हुकूमशाही का येत नाही?

उत्तर : एक पुस्तक नाही इतकंच, बाकी कायदे, जुने दस्तऐवज, निकाल आणि रूढी यांचा ढीग आहे. त्यात धोका आहेच, साध्या बहुमताने संसद जवळजवळ काहीही बदलू शकते, म्हणून दुसऱ्या कुणी त्याची कॉपी करू नये असं माझं मत. पण २०१९ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी ऐन ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडायच्या तोंडावर पाच आठवड्यांसाठी संसद तहकूब करायला लावली, मामला सुप्रीम कोर्टात गेला आणि अकराच्या अकरा न्यायाधीश म्हणाले की हे बेकायदा. राणीचे प्रतिनिधी जो हुकूम घेऊन संसदेत गेले तो जणू कोरा कागद होता असं निकालात म्हटलंय. २४ सप्टेंबरला निकाल लागला आणि २५ ला खासदार परत बाकांवर येऊन भांडत होते.