सतार बंद करून मिडी गिटार घेऊ का?

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. पाच वर्षं सतार शिकतोय, मध्यमा पूर्ण ही परीक्षाही झाली. आता त्याला कॉम्प्युटरला जोडायची मिडी गिटार हवी आहे आणि सतार बंद करायची आहे. हे खरं वाद्य आहे का? यावर पोट भरेल का? (एक आई, सांगली)

ताई, नमस्कार.

सतारीची तार छेडली की तीच वाजते, खालच्या तरफेच्या तारा तिच्यासोबत आपोआप घुमतात. मिडी गिटार कुठला स्वर, किती जोरात, किती वेळ एवढा निरोप कॉम्प्युटरला पाठवते. आवाज तिथे तयार होतो, मग तो बासरीचाही असू शकतो. ही निरोपांची भाषा म्हणजेच मिडी, ती १९८३ साली ठरली आणि स्टुडिओंमध्ये आजही तीच चालते. तेव्हा मुलाची मागणी मला वावगी वाटत नाही.

पण पैसे भरण्याआधी त्याला दुकानात दोन गोष्टी वाजवून बघू द्या. पहिली, जाड तारेवरची जलद तान. तारेचा स्वर ओळखून चालणाऱ्या प्रकारात यंत्राला आधी तारेचं कंपन ऐकावं लागतं. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंपते, म्हणजे एका कंपनालाच १२ मिलिसेकंद लागतात. निरोप त्याहून लवकर निघणं कठीण, आणि सतारीवर बसलेल्या हाताला हा उशीर बोचतो. दुसरी गोष्ट मींड. सतारीवर एकाच पडद्यावर तार ओढून तो चार-पाच स्वर चढतो. मिडीत स्वर वाकवायची मर्यादा सहसा दोन अर्धस्वरांवर ठेवलेली असते. ती वाढवता येते, प्रत्येक तारेच्या निरोपांना वेगळा मार्ग, म्हणजे चॅनलही देता येतो. मींड नेमकी कुठे थांबवायची हे मात्र कानालाच कळावं लागतं, आणि तो कान तुमच्या मुलाने पाच वर्षं बसून कमावलाय.

त्याच्या पोटापाण्याचा विचारही मी इथूनच करते. मालिका, जाहिराती, वेबसिरीज यांच्या पार्श्वसंगीतात कॉम्प्युटरवर वाद्यांचं प्रोग्रॅमिंग करणारे खूप आहेत. त्यातला जो खरी सतारही वाजवून, रेकॉर्ड करून देतो, त्याला वेगळी किंमत आहे. सतारवादक नीलाद्री कुमार यांची झितार, म्हणजे त्यांनी घडवलेली इलेक्ट्रिक सतार आठवा, ती घडली सतारीच्या पक्क्या तालमीवर. म्हणून सतार बंद करू देऊ नका, हे मी ठामपणे सांगते. खरेदीतही आधी चांगला माइक, त्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन घ्या, गिटार नंतर.

पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत ध्वनिमुद्रण शिकायचं तर पदवी आणि बारावीला भौतिकशास्त्र लागतं. त्यामुळे अकरावीची शाखा निवडताना ते डोक्यात असू द्या. ताजं माहितीपत्रक बघून घ्या. वादनातच पदवी हवी असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे.

आणि यंदा विशारदचा, म्हणजे मध्यमेनंतरच्या परीक्षेचा फॉर्म भरू नका. परीक्षांचा कंटाळा तो सतारीवर तर काढत नाही ना, हे त्याला एकदा निवांत विचारा.