दुसरं लग्न केलं तर मुलाची पोटगी थांबते का?

"मॅडम, मी लग्न केलं तर पोराची पोटगी बंद होईल?" पुनर्विवाहाआधी बायका हमखास विचारतात. काहीजणी तर या धास्तीने लग्नच लपवतात.

सिंहगड रोडची एक आई आली होती (तपशील बदललेत). घटस्फोट शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात झालेला, दहा वर्षांचा मुलगा तिच्याकडे. दुसरं लग्न झाल्याचं कळताच आधीच्या नवऱ्याचा व्हॉट्सॲप आला: "आता त्याचा पगार आहे ना घरात? माझं देणं संपलं."

मी तिला हुकमाची प्रत काढायला लावली. तिला ६ हजार, मुलाला ९ हजार, असं वेगवेगळं लिहिलेलं. नशीबच, कारण पुष्कळदा एकच आकडा असतो आणि मग वाद वाढतो. तिचे ६ हजार पुनर्विवाहानंतर थांबवता येतात. मुलाचे ९ हजार मुलाचेच. सावत्र वडिलांवर कायद्याने ती जबाबदारी नाही, त्यामुळे त्यांचा पगार कितीही असो, सख्ख्या बापाची सुटका होत नाही. आईची स्वतःची कमाई मात्र धरली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात दोघांनाही उत्पन्नाचं शपथपत्र द्यायला सांगितलंय. आणि थकबाकी साचू देऊ नका. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या १२५ कलमाखाली (पोटगीचं कलम, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४) वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो.

खरी गाठ वेगळीच निघाली. नवे यजमान शेजारीच बसलेले, सज्जन माणूस. म्हणाले, "त्याचे पैसे आमच्या घरात नकोत. मी काय कमी कमावतो? दत्तकच घेतो ना." तीही मान डोलवायला लागली, कटकट मिटेल म्हणून. शाळेत आडनाव बदललं की दत्तक झालं, असा दोघांचा समज. पण तसं नसतं. हिंदू दत्तक कायद्यात जन्मदात्या वडिलांची संमती लागते, आणि दत्तकानंतर त्यांची पोटगीची जबाबदारी तर संपतेच, त्यांच्याकडून पुढे येणारा वारसाहक्कही जातो. हे ऐकून ते गप्प झाले. मग मी सुचवलं, पैसे तुमच्या घरात आणूच नका, मुलाच्या नावाने खातं काढा. हे त्यांना पटलं.

वकिलाची नोटीस गेल्यावर बापाचे पैसे सुरू झाले. आता तो म्हणतो, माझीही दुसरी बायको आहे, बाळ येणार आहे, रक्कम कमी करा. तसा अर्ज त्याला करता येतो, न्यायालय त्याचा नवा खर्चही बघेल. पण हुकूम बदलेपर्यंत दरमहा ९ हजार भरावेच लागतील.