कोकणात राहून शुगर आणि वजन सांभाळायचंय, तर भात सोडावा की नारळ?

एकही सोडू नका, प्रमाण बदला. भातात मुख्यतः कर्बोदकं, नारळात चरबी. 1 ग्रॅम कर्बोदकांत 4 कॅलरी, चरबीत 9. पण तेवढ्यावर निकाल लागत नाही. चहात बुडवायचे मैद्याचे बटर आणि चवळीची उसळ, दोन्हींत कर्बोदकं आहेत. उसळीतल्या तंतूंमुळे साखर हळू चढते. चरबीचंही तसंच. बांगडा-तारलीतली ओमेगा-3 चरबी हृदयाला चांगली, खोबरेल मात्र बहुतांशी संपृक्त चरबी, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल वाढवणारी. (त्याला अमृत म्हणणारे व्हॉट्सॲप फॉरवर्ड खुशाल डिलीट करा.) आमटीतल्या मूठभर खोबऱ्याला घाबरू नका, ताटातला भाताचा डोंगर अर्धा करून उसळ-मासळी वाढवा. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर भात एकदम तोडण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर फार खाली जाऊ शकते.