वाचकांचे प्रश्न : भात कपाने मोजावा की काट्यावर?

प्रश्न : आहारतज्ज्ञांनी मला दुपारच्या जेवणात १५० ग्रॅम शिजवलेला भात घेण्यास सांगितले आहे. घरात वजनकाटा नाही, मापाचे कप मात्र आहेत. एक कप भाताचे वजन एके ठिकाणी १५८ ग्रॅम, तर दुसरीकडे १८६ ग्रॅम दिलेले आढळले. यांपैकी कोणता आकडा धरावा?

उत्तर : दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते निरनिराळ्या तांदळांचे आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषणमूल्य तक्त्यांत लांब दाण्याच्या पांढऱ्या तांदळाचा एक कप भात १५८ ग्रॅमचा, तर मध्यम किंवा आखूड दाण्याचा १८६ ग्रॅमचा धरला आहे. लांब दाणे शिजल्यावर मोकळे राहतात आणि आडवेतिडवे पडून मध्ये पोकळ्या सोडतात. आखूड दाणे मऊ, चिकट होऊन एकमेकांना बिलगतात. २४० मिलिलिटरच्या कपात पाणी २४० ग्रॅम मावते आणि शिजलेला दाणा तर पाण्याहून थोडा जडच असतो, तेव्हा १५८ ग्रॅम भात असलेल्या कपात एक तृतीयांशाहून अधिक जागा नुसत्या हवेची असते. हाच भात चमच्याने दाबून भरला की ती हवा निघून जाते, कप तेवढाच दिसतो आणि पोटात मात्र जास्त भात जातो. म्हणून भात जेवणाच्या काट्याने (फोर्कने) सुटा करून, न दाबता कपात घालावा आणि वरचा ढीग सुरीच्या पाठीने सपाट करावा.

आपला भात मोकळा होत असेल तर १५० ग्रॅमसाठी सुमारे २३० मिलिलिटर, म्हणजे काठोकाठ भरण्यास किंचित कमी असा कप घ्यावा. मऊ, चिकट होत असेल तर १९५ मिलिलिटर, म्हणजे कपाचे चार पंचमांश पुरेत. मात्र कप २४० मिलिलिटरचाच आहे ना, हे आधी पाहावे, कारण बाजारात २५० मिलिलिटरचेही कप मिळतात आणि राइस कुकरसोबत येणारे माप बहुधा १८० मिलिलिटरचेच असते. शंका असल्यास १५ मिलिलिटरच्या मापाच्या चमच्याने कपात पाणी ओतावे. सोळा चमच्यांत तो भरला, तर तो २४० मिलिलिटरचा. घरची वाटीही अशीच मोजून घेता येते.

हे सारे अंदाजाचे गणित आहे, आणि रोजच्या जेवणाला ते चालते. मधुमेहासारख्या कारणाने काटेकोर हिशेब ठेवायचा असेल, तर मात्र मी साधा वजनकाटा घेण्याचाच सल्ला देईन.

प्रश्न : शंभर ग्रॅम तांदळाचा भात नेमका किती ग्रॅम होतो?

उत्तर : कोरड्या तांदळात साधारण १२ टक्के आणि शिजलेल्या भातात साधारण ६८ टक्के पाणी असते. शंभर ग्रॅम तांदळातला ८८ ग्रॅम कोरडा भाग शिजल्यावरही तेवढाच राहतो, पण आता तो एकूण वजनाच्या केवळ ३२ टक्के असतो. म्हणून भात सुमारे २७५ ग्रॅम भरतो. पाणी कमी-अधिक झाले की हा आकडा अडीचपट ते तिपटीच्या दरम्यान फिरतो. घरचा आकडा काढायचा असेल तर रिकाम्या भांड्याचे वजन लिहून ठेवावे, तांदूळ धुण्यापूर्वीच तोलावेत आणि शिजल्यावर भांड्यासकट वजन करावे. समजा २०० ग्रॅम तांदळाचा भात ५४० ग्रॅम भरला, तर तो २.७ पट झाला आणि १५० ग्रॅम भातात सुमारे ५५ ग्रॅम तांदूळ आले. कपाच्या भाषेत सांगायचे तर लांब दाण्याच्या एक कप तांदळाचा तीन कपांहून किंचित जास्त भात होतो. उष्मांकांचा तक्ता वाचताना तो तांदळाचा आहे की भाताचा, हे आवर्जून पाहावे : पांढऱ्या तांदळासाठी शंभर ग्रॅमला सुमारे ३६५ आणि त्याच्या भातासाठी सुमारे १३० किलोकॅलरी, इतका त्यांत फरक असतो.