कार्टमध्ये टाकलंय, घेऊ का?

या महिन्यात पत्रं बरीच आली आणि गंमत म्हणजे अर्ध्याहून जास्त पत्रांचा सूर एकच, पैसे कुठे जातात कळत नाही आणि घरात ठेवायला जागा उरलेली नाही. सगळ्यांना उत्तरं देणं काही जमणार नाही, त्यातली चार घेतलीयेत.

प्रश्न: ताई, मी ३२ वर्षांची, नाशिकला असते, आम्ही दोघंही नोकरी करतो, पगार वाईट नाही. पण रात्री मुलगी झोपली की मोबाईल हातात घेते आणि काही ना काही ऑर्डर होतंच. परवा डिलिव्हरीवाला म्हणाला, "मॅडम, आज एकच पार्सल?" तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवाळीच्या सेलमध्ये नो कॉस्ट ईएमआयवर एअर फ्रायर घेतला, तीनदा वापरलाय, हप्ते अजून चालू आहेत. कुर्ते तर कपाटात टॅगसकट पडलेत. नवरा बोलत काही नाही, नुसता बघतो. दरवेळी ठरवते आता बास, आणि परत सेल लागतो. काय करू?

उत्तर: तुला एकेरीच म्हणते, माझ्या पुतणीच्या वयाची आहेस. डिलिव्हरीवाल्याचं वाक्य वाचून मी हसले, सॉरी, पण मी पण याच रांगेतली आहे. माझ्याकडे ब्रेड मेकर आहे. दोन ब्रेड केले, दुसरा विटेसारखा झाला, आता तो माळ्यावर असतो आणि त्याच्या खोक्यात गणपतीच्या सजावटीच्या माळा. तेव्हा उपदेश करायचा मला फारसा हक्क नाही, जे उपयोगी पडलं ते सांगते.

तुझ्या पत्रात एक गोष्ट तू सहज लिहून गेलीस, "मुलगी झोपली की". दिवसभर ऑफिस, डबे, होमवर्क, आणि मग तो एक तास काय तो तुझा. त्या तासाला करायला दुसरं काही नाही आणि अंगात त्राणही नाही, मग अंगठा फिरत राहतो. मला वाटतं सगळी गोम त्या तासात आहे. फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात लाव आणि तिथेच राहू दे, आणि त्या तासात बाकी काहीही कर, बहिणीला फोन कर, गच्चीत चक्कर मार, पडून छताकडे बघ. पहिले आठ दिवस चिडचिड होईल, माझी झाली होती.

दुसरं म्हणजे आमच्या आईची पद्धत. घरात मोठी वस्तू यायची ती गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा आणि दिवाळीतला पाडवा, म्हणजे साडेतीन मुहूर्तांपैकी एकावरच. श्रद्धा वगैरे तुझी तू ठरव, पण त्यातली सोय बघ ना. जूनमध्ये मिक्सर हवासा वाटला तर दसऱ्यापर्यंत थांबणं आलं, तोवर शेजारणीकडचा चालवून बघायचा, चार दुकानांत भाव काढायचा, भिशी कधी लागते ते बघायचं, आणि कितीदा तरी दसरा येईपर्यंत ती हौसच विरून जायची. आता मुहूर्त कंपन्या काढतात. फ्लिपकार्टचा पहिला बिग बिलियन डे ६ ऑक्टोबर २०१४ ला झाला तो नावाप्रमाणे खरंच एका दिवसाचा होता. नंतर त्याचे डेज झाले, आणि बाकीच्यांचे सेल तर आता कधी संपतात आणि कधी सुरू होतात तेच कळत नाही.

मी काय करते, भिंतीवरच्या कालनिर्णयवर वस्तूचं नाव आणि किंमत पेन्सिलीने लिहिते, ज्या दिवशी मनात आलं त्या तारखेच्या चौकटीत. पान उलटल्यावर पुढच्या महिन्यात त्याच तारखेला मागे बघायचं. मार्चच्या पानावर माझं "पाय शेकायचं मशीन ३,४००" असं लिहिलंय आणि एप्रिलमध्ये मला ते का हवं होतं हेच आठवेना. जे महिन्याभरानेही हवंच असतं ते खुशाल घ्यायचं, आणि घेतल्यावर मग अपराधी वाटून घ्यायचं नाही.

ॲपमध्ये सेव्ह केलेलं कार्ड काढून टाक, नोटिफिकेशन बंद कर. सोळा आकडे टाकायला पर्स शोधत उठावं लागलं की निम्मी खरेदी तिथेच बारगळते. आणि ते "फक्त २ शिल्लक", "ऑफर ९ मिनिटांत संपणार" वगैरे येतं ना, त्याला घाबरू नकोस. खोटी घाई लावणं, कार्टमध्ये गुपचूप जास्तीची वस्तू सरकवणं, "नको, मला बचत नकोय" असल्या बटणाने लाजवणं, असे १३ प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नावं घेऊन बंद करायला सांगितलेत. म्हणजे मोह आवरत नाही हा सगळाच तुझा दोष नाहीये, समोर बसून कोणीतरी तो पगार घेऊन रचतंय.

आता नो कॉस्ट ईएमआय. ३०,००० ची वस्तू, बारा हप्ते २,५०० चे, वाटतं फुकटच झालं. पण बँक व्याज लावतेच, दुकान तेवढी सूट आधी देतं इतकंच. वर्षाला १५ टक्के धरले तर व्याज साधारण २,३०० होतं आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे चारशेच्या वर, तो तुझ्या खिशातून. वर प्रोसेसिंग फी असेल तर ती, आणि फीवर परत जीएसटी. रक्कम मोठी नाही हे मान्य. खरी भानगड अशी की ३०,००० हा आकडा दिसतच नाही, २,५०० दिसतो, आणि असे चार २,५०० एकत्र झाले की महिन्याच्या वीस तारखेला आपण म्हणतो, पैसे गेले कुठे. चालू हप्ते संपेपर्यंत नवीन हप्ता नाही एवढा एकच नियम कर. टॅगवाले कुर्ते भाच्यांना दे, एअर फ्रायर ओळखीत विक, अर्धे पैसे आले तरी खूप. आणि नवऱ्याला विचार की नुसतं बघतोस काय, त्याच्याही कपाटात बुटांचे किती जोड आहेत ते एकदा मोज.

प्रश्न: आमचा मिक्सर नऊ वर्षांचा आहे, चटणी वाटताना एकदम बंद पडला. दुकानदार म्हणतो आता रिपेअर परवडत नाही, एक्स्चेंजमध्ये नवीनच न्या. घ्यावा का? — एक काका, डोंबिवली

उत्तर: काका, आधी प्लग काढा, दहा मिनिटं थंड होऊ द्या, मग मिक्सर उलटा करा. बऱ्याच मिक्सरना खाली एक छोटं लाल बटण असतं, जास्त लोड आला की ते ट्रिप होतं आणि मोटर वाचते. ते दाबा, परत लावून बघा. याने चालू झाला तर मला आठवणीने कळवा, कारण याच एका बटणापायी लोकांनी मिक्सर भंगारात दिलेले मी बघितलेत. मोटर फिरतेय पण पातं फिरत नाही असं असेल तर भांड्याखालचा कपलर, म्हणजे मोटरचं फिरणं पात्यापर्यंत नेणारी चकती, झिजलाय, माझा गेल्या वर्षी ऐंशी रुपयांत बदलून झाला. मोटरच जळाली असेल, म्हणजे करपल्याचा वास आला असेल, तर मात्र वाइंडिंगचा, म्हणजे मोटरची तार नव्याने गुंडाळायचा, खर्च विचारून मग ठरवा.

पंख्याचंही तेच. हळू फिरायला लागला की लोक म्हणतात मोटर गेली, बहुतेक वेळा कपॅसिटर, म्हणजे मोटरला जोर देणारा छोटा पार्ट, गेलेला असतो, २.५ एमएफडी मापाचा, किरकोळ किमतीचा, इलेक्ट्रिशियन पाच मिनिटांत बदलतो. फ्रिजचं दार नीट लागत नसेल तर दहाची नोट दारात धरून दार लावा, नोट सहज ओढून निघाली तर रबर सैल झालंय, फ्रिज नाही बिघडला. ज्याने विकायचंय त्यालाच "दुरुस्त होईल का" विचारलं तर उत्तर काय येणार. पार्ट मिळत नसेल तर पुण्यात तपकीर गल्ली आहे, तुम्हाला मुंबईत लॅमिंग्टन रोड जवळ, एक चक्कर मारून या. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअर नावाचं पोर्टल सुरू केलंय, तिथे कंपन्यांच्या दुरुस्तीची माहिती बघता येते, आणि कोणी फारच टोलवाटोलवी केली तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे.

पण दुरुस्तीचा हट्टही धरू नये, हे माझं मी मलाच सांगते. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, साधारण ३० वॅट. हॉलमधला पंखा रोज बारा तास फिरत असेल तर महिन्याला १६ युनिट वाचतात, दहा रुपये युनिट धरलं तर १६० रुपये. तीन हजारांचा पंखा दीड-दोन वर्षांत स्वतःचे पैसे काढतो. आमच्या ह्यांनी तीस वर्षांपूर्वीचा पंखा "अजून चांगला चालतोय" म्हणून ठेवला होता, वीजबिलाचा हिशेब मांडून दाखवला तेव्हा कुठे उतरवला. पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच आहे, तो वर्षातून पंधरा दिवस फिरतो, त्याला कशाला बदलायचं.

प्रश्न: सासरे काहीच टाकू देत नाहीत. श्रीखंडाचे डबे, मोडक्या छत्र्या, बंद पडलेले चार्जर, खोक्यांची खोकी. म्हणतात आम्ही काटकसरीत दिवस काढले. घर माझं आहे की गोदाम? — पुणे

उत्तर: श्रीखंडाच्या डब्यांबद्दल मी काही बोलणार नाही, माझ्याकडे अकरा आहेत. पण वापरात नसलेली वस्तू जपणं याला काटकसर म्हणत नाहीत, जागेचंही भाडं असतंच की, पुण्यात तर फारच. सासऱ्यांशी वाद घालू नका, एक लोखंडी ट्रंक त्यांच्या नावाची करा, त्यात मावेल तेवढं त्यांचं, नवीन काही ठेवायचं तर जुनं काय काढायचं ते त्यांनीच ठरवायचं. मोडक्या छत्र्या चौकातल्या छत्रीवाल्याकडे त्यांनाच घेऊन जाऊ द्या, त्यांना कामही मिळेल आणि गप्पाही. जुने कपडे बोहारणीला द्यायचं काम त्यांच्याकडेच सोपवा, अशी घासाघीस तुम्हाला जमणार नाही. चार्जर आणि वायरी मात्र ई-कचऱ्यातच द्या, ओल्या-सुक्यात टाकू नका.

प्रश्न: मावसबहिणीच्या लग्नात तीच पैठणी नेसले जी भावाच्या लग्नात नेसले होते. एक मामी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, हीच ना ती?" आता पुढच्या महिन्यात आणखी एक लग्न आहे, नवी साडी घेऊ का?

उत्तर: नको घेऊस. पैठणी काय दोनदा नेसायला घेतात का, पुढे लेकीच्या अंगावर जायची ती. घडी मोडून उन्हात नको, सावलीत वाऱ्यावर टाक, जर काळी पडू नये म्हणून सुती कापडात गुंडाळून ठेव, आणि ब्लाउज तेवढा नवीन शिव. मामींनी परत विचारलंच तर म्हणायचं, "हो मामी, हीच, फॉल मात्र नवीन लावलाय, बघा ना."